अरोनिया: उगवायला सोपं, खायला अवघड, आणि विकायला त्याहून अवघड

अरोनियाचं, म्हणजे ब्लॅक चोकबेरीचं, पिकलेलं फळ झाडावरून तोडून तोंडात टाकलं तर पहिले दोन सेकंद ठीक वाटतं, थोडं गोड, थोडं आंबट, आणि मग जीभ, टाळू, गालांची आतली बाजू सगळं एकदम आखडतं, तोंड कोरडं पडतं आणि माणूस पाणी शोधायला लागतो. दुसरं फळ सहसा कोणी मागत नाही. तरीही हे झुडूप एकट्या पोलंडमध्ये हजारो हेक्टरवर लावलेलं आहे आणि जगातल्या उत्पादनाचा सिंहाचा वाटा इथूनच जातो. मी इकडे पोलंडमध्ये राहते, त्यामुळे भारतातल्या नातेवाईकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात: ऑनलाइन मिळतात ती अरोनियाची कॅप्सूल्स घ्यावीत का, आणि आपल्याकडे हे लावता येईल का. दोन्हीची उत्तरं देतेच, पण आधी झाड समजून घेऊ, कारण या फळाचं सगळं प्रकरण, त्याची शेती, त्याचा धंदा, त्याच्या आरोग्याच्या जाहिराती, सगळं त्या तुरटपणाभोवतीच फिरतंय.

तर तो तुरटपणा येतो कुठून. आपल्या लाळेत काही प्रोटीन्स असतात, त्यांच्यामुळे तोंड आतून ओलं आणि गुळगुळीत राहतं. अरोनियात टॅनिन्स भरपूर, त्यातही प्रोअँथोसायनिडिन्स नावाचा प्रकार, म्हणजे छोटे रेणू एकमेकांना जोडून झालेल्या लांब साखळ्या, आणि या साखळ्या लाळेतल्या प्रोटीन्सना जाऊन चिकटतात, दोघांचा मिळून साका होतो आणि गुळगुळीतपणा गेला की जीभ टाळूवर खरखरीत घासायला लागते. म्हणजे ही जिभेला कळणारी चव कमी आणि स्पर्श जास्त. जांभळं खाल्ल्यावर जीभ जांभळी होते आणि जाड झाल्यासारखी वाटते ना, तेच, फक्त कितीतरी पट जोरात.

गंमत अशी की फळात साखर कमी नाहीये. नीट पिकलेल्या अरोनियाचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, पंधरा ते वीसच्या घरात येतो, नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना विचारा, हा आकडा वाईट नाही म्हणतील. पण टॅनिनपुढे ती गोडी कळतच नाही. शिवाय त्या गोडीतला बराच भाग सॉर्बिटॉल असतो, जे साखरेपेक्षा कमी गोड लागतं, वाइन करायला घेतलं तर यीस्ट त्याला हातही लावत नाही, आणि जास्त रस प्यायलात तर पोट साफ करून देतं. हे शेवटचं कुठल्याच बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट रंग. फळ बाहेरून काळं दिसतं पण तो खरं म्हणजे इतका गडद जांभळा-लाल आहे की काळा वाटतो. रंग देणारी द्रव्यं म्हणजे अँथोसायनिन्स, तीच जी जांभळात, काळ्या द्राक्षात, लाल कोबीत असतात. अरोनियात ती १०० ग्रॅम ताज्या फळात साधारण ३०० मिलिग्रॅमपासून १००० च्या वरही जाऊ शकतात, वाण, जागा, पिकण्याची वेळ यावर ते ठरतं. रसाचा एक थेंब पांढऱ्या शर्टावर पडला की शर्ट गेला समजा. याच रंगासाठी कंपन्या हे फळ विकत घेतात, रस म्हणून पिणारे लोक त्या मानाने कमी. दही, आइसक्रीम, गोळ्या, सरबतं यांना लाल-जांभळा रंग द्यायला जे नैसर्गिक रंग वापरतात, पाकिटावर ई १६३ असं लिहिलेलं असतं, ते अँथोसायनिन्सच, आणि अरोनिया हा त्याचा एक सोर्स. आंबट पदार्थात हा रंग लाल राहतो, आंबटपणा कमी झाला की जांभळट-निळा व्हायला लागतो. घरी रसात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा, लगेच दिसेल, पोरांना दाखवायला मस्त आहे.

आता झाड कुठलं. हे मूळचं उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडपासून ग्रेट लेक्सच्या भोवती आणि खाली अ‍ॅपलेशियन डोंगरांतून जॉर्जियापर्यंत. ओलसर जागा, दलदलीच्या कडा, पण खडकाळ कोरड्या जागीही उगवतं, फारसे नखरे नाहीत. गुलाबाच्या कुळातलं आहे, म्हणजे सफरचंद, नासपती यांचं भावंड, आणि फळ नीट बघितलं तर छोट्याशा सफरचंदासारखंच त्याच्या बुडाशी सुकलेल्या फुलाचे अवशेष दिसतात. उंची माणसाएवढी किंवा थोडी जास्त, मे महिन्यात पांढऱ्या फुलांचे गुच्छ, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काळ्या फळांचे घोस, आणि ऑक्टोबरमध्ये पानं अशी लालभडक होतात की अमेरिकेत अनेक जण फक्त त्या पानांसाठी बागेत लावतात, फळाकडे ढुंकूनही बघत नाहीत. याचा एक लाल फळांचा भाऊ आहे, रेड चोकबेरी, आणि दोघांच्या मधला एक जांभळ्या फळांचा, पण शेतीत काळाच चालतो.

इथे एक सावधगिरीची गोष्ट, कारण इंटरनेटवर यात फार घोळ असतो. चोकबेरी वेगळी आणि चोकचेरी वेगळी. नावं सारखी वाटतात, फळंही लांबून सारखीच वाटतात, पण चोकचेरी हे चेरीच्या घराण्यातलं झाड आहे आणि त्याच्या बियांमध्ये आणि पानांमध्ये सायनाइड तयार करू शकणारी द्रव्यं असतात, गुरांनी पानं खाऊन मरायच्या घटना अमेरिकेत होत असतात. ओळखायला सोपं आहे, चोकचेरीत चेरीसारखी एकच कडक बी असते, अरोनियात सफरचंदासारख्या बारीक बिया. जंगलातून तोडून आणणार असाल तर आधी फळ कापून बघा.

अमेरिकेतल्या मूळ लोकांना हे झुडूप माहीत होतं, पोटावाटोमी लोक सर्दीवर याच्या फळांचा चहा करायचे अशी नोंद आहे. पण गोऱ्या वसाहतवाल्यांनी याला फळ म्हणून कधी फारसं विचारलं नाही. हे झाड युरोपात गेलं तेही बागेची शोभा म्हणून. नेदरलंड्समध्ये तर त्याचा एक प्रकार बागांतून निसटून दलदलीच्या राखीव भागांत इतका पसरला की आता तिकडचे लोक तो उपटत बसलेत.

मग याला पीक कोणी केलं? रशियनांनी. आणि इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. इव्हान मिचुरिन नावाचा माणूस, जन्म १८५५, राहणं मॉस्कोच्या आग्नेयेला कोझलोव नावाच्या गावात, रेल्वेत नोकरी आणि बाकी सगळा वेळ झाडांवर प्रयोग. त्याचं एकच वेड, की रशियाच्या मरणाच्या थंडीत टिकतील अशी फळझाडं तयार करायची. अरोनिया त्याच्या हातात आलं तेव्हा त्याने त्याचा संकर रोवन नावाच्या झाडाशी केला असं मानतात. रोवन म्हणजे युरोपात रस्त्याकडेला केशरी फळांचे घोस लागलेलं दिसतं ते. आता हे शंभर वर्षांपूर्वीचं प्रकरण, मिचुरिनच्या नोंदींवरून सगळं स्पष्ट होत नाही, पण अलीकडे डीएनए तपासून बघितलं तेव्हा शेतीतल्या अरोनियात खरंच रोवनचा अंश सापडला. म्हणजे आपण बाटलीतून पितो ते अमेरिकन जंगली झुडपाचं फळ नाही, माणसाने केलेला संकर आहे, पानं जास्त रुंद, फळं मोठी, झाड दणकट. वनस्पतीशास्त्रात त्याला वेगळं नाव आहे आणि त्या नावात मिचुरिनही आहे.

मिचुरिन पुढे सोव्हिएत सरकारचा लाडका झाला, १९३२ मध्ये, तो जिवंत असतानाच, त्याच्या गावाचं नाव बदलून मिचुरिन्स्क केलं. १९३५ मध्ये तो गेला आणि नंतर लायसेन्को नावाच्या महाभागाने त्याचं नाव पुढे करून जनुकशास्त्राची जी काही वाट लावली तो वेगळाच विषय आहे, त्यात शिरत नाही. अरोनियाचं पुढचं काम केलं मिखाइल लिसावेन्को यांनी, सैबेरियातल्या अल्ताय भागात. तिथे थंडी म्हणजे काय विचारू नका, सफरचंदाची झाडं लोक आडवी वाढवायचे, म्हणजे हिवाळ्यात बर्फाखाली झाकली जातील आणि जगतील, आणि अशा ठिकाणी अरोनिया काहीही लाड न करता फळं द्यायला लागलं. १९४६ मध्ये सोव्हिएत युनियनने याला फळपीक म्हणून मान्यता दिली आणि मग ते अल्तायहून सगळ्या देशभर गेलं, अजूनही रशियन आज्यांच्या गावाकडच्या बागेत हे असतंच, तिथे याला काळा रोवन म्हणतात. सोव्हिएत बाजूकडून पुढे पूर्व युरोपात, पोलंडमध्ये, आणि ७० च्या दशकात जपानच्या होक्काइडोपर्यंत.

नर्सरीवाले तुम्हाला वाणांची यादी देतील. वायकिंग फिनलंडचा, नीरो चेक लोकांकडचा, गॅलिशियांका पोलंडचा, आरोन डेन्मार्कचा. पण अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात मार्क ब्रँड आणि त्यांच्या टीमने अरोनियावर वर्षानुवर्षं काम केलंय आणि त्यातून दिसलं की यातले बरेच वाण जनुकीय पातळीवर जवळजवळ एकच आहेत. कारण असं की हे संकरित अरोनिया बी तयार करताना बहुतेक वेळा परागीभवनाची वाटच बघत नाही, आईची हुबेहूब कॉपी बीमध्ये तयार होते. त्यामुळे बियांपासून लावा नाहीतर छाट कलमापासून लावा, रोपं सारखीच निघतात. शेतकऱ्याला हे सोयीचं, कारण सगळं शेत एकाच वेळी पिकतं, पण नवीन वाण काढणाऱ्याची पंचाईत, संकरच होत नाही तर निवड कशातून करणार. आणि गिऱ्हाइकाने दोन वाणांसाठी दोन वेगळे भाव मोजायचं काही कारण नाही, हे माझं मत.

आता शेती. थंडी हवी, आणि खरी थंडी हवी. उणे तीस-पस्तीस डिग्रीपर्यंत हे झाड आरामात तग धरतं, हिवाळ्यात पानं गाळून झोपतं, आणि ती झोप त्याला लागतेच. वसंतात फुलं तशी उशिरा येतात, मेमध्ये, त्यामुळे सफरचंद-जर्दाळूवाले एप्रिलच्या दंवाने डोक्याला हात लावून बसतात तेव्हा अरोनियावाला निवांत असतो. जमीन थोडी आम्ल चांगली पण साध्या जमिनीतही चालतं, ब्लूबेरीसारखी फार आम्ल जमीन करून द्यावी लागत नाही. ऊन भरपूर पाहिजे, सावलीत झाड जगतं पण फळ कमी धरतं. पाणी मधूनमधून लागतंच, मुळं उथळ असतात, फळ भरायच्या वेळी दुष्काळ पडला की फळं बारीक आणि सुकलेली राहतात.

लागवड म्हणजे यंत्राने काढणी करायची असेल तर ओळीतली रोपं वेगवेगळी ओळखू न येण्याइतकी दाट, दोन रोपांत साधारण ६० सेंटिमीटर ते एक मीटर, आणि दोन ओळींत साडेतीन-चार मीटर, म्हणजे मशीन आत जाईल. काही वर्षांत ओळीचं सलग कुंपणच होतं. घरच्या बागेसाठी दीड मीटरवर लावा, ऐसपैस होऊ द्या. स्वतःच्याच परागाने फळ धरतं, म्हणजे एकच झाड लावलं तरी चालतं. पहिली दोन-तीन वर्षं खरा शत्रू म्हणजे गवत, छोट्या रोपाच्या उथळ मुळांशी तेच पाणी आणि तेच खत भांडून घेतं, त्यामुळे आच्छादन घालायचं, लाकडाचा भुसा असो नाहीतर मल्चिंगचा कागद. खताची हाव नको. नायट्रोजन जास्त दिला की झाड नुसतं पानावर जातं, आणि स्वीडनमध्ये केलेल्या प्रयोगात जास्त खताने फळातला रंगही कमी झालेला दिसला, म्हणजे ज्यासाठी गिऱ्हाईक पैसे देतंय तेच कमी.

तिसऱ्या वर्षी थोडी फळं, पाचव्या-सहाव्या वर्षी पूर्ण उत्पन्न, चांगल्या झुडपाला पाच-सात किलो सहज, आणि झाड पुढे पंधरा-वीस वर्षं देत राहतं. छाटणीत मात्र लोक चुकतात. फळ गेल्या वर्षीच्या फुटीवर येतं, त्यामुळे कुंपणाच्या मेंदीसारखं वरून कात्री मारून गोल गरगरीत केलं की पुढच्या वर्षीचं पीकच कापून टाकलं समजा. करायचं असं की पाच-सहा वर्षांनंतर दर हिवाळ्यात सगळ्यात जाड, जुन्या दोन-चार फांद्या जमिनीलगत कापायच्या, बुंध्यातून नवीन फुटवे येतातच, हे झाड त्यात कधी कमी पडत नाही, आणि मधे उजेड जाऊ द्यायचा. अगदीच दुर्लक्ष झालेलं जुनं झाड असेल तर सगळंच जमिनीलगत कापा, दोनेक वर्षं फळ नाही, मग पुन्हा तरुण.

रोग-किडी कमी आहेत, आणि ऑरगॅनिकवाल्यांना म्हणूनच हे पीक आवडतं. नासपतीवर येणाऱ्या गोगलगायीसारख्या दिसणाऱ्या काळ्या अळ्या कधी पानं खरवडून जाळीदार करतात. हरणं आणि ससे कोवळं झाड खातात. ठिपकेदार पंखांची ती फळमाशी, जिने युरोप-अमेरिकेत चेरी आणि रास्पबेरीवाल्यांची झोप उडवली, ती इथेही येते, पण मऊ बेरीइतका धुमाकूळ घालत नाही. खरे चोर म्हणजे पक्षी. जंगलात पक्षी हे तुरट फळ शेवटी खातात, दुसरं काही उरलं नाही की मग, पण शेतात हेच हजारो किलो एका जागी दिसलं की थवेच्या थवे उतरतात आणि मग जाळ्या टाकाव्या लागतात.

काढणीचं एक शहाणपण आहे. फळ ऑगस्टच्या सुरुवातीलाच काळं होतं आणि नवखा माणूस म्हणतो चला तोडू. थांबा. काळं होणं आणि पिकणं यात दोन-तीन आठवडे असतात, त्या काळात साखर वाढते, आंबटपणा उतरतो. फळं लगेच गळत नाहीत, घोसात लटकून राहतात, त्यामुळे घाई करायचं कारण नसतं, फार लांबवलं तर सुरकुततात आणि पक्षी आहेतच. मोठ्या शेतात करंट नावाच्या छोट्या बेरीसाठी वापरतात तेच यंत्र चालतं, ओळीच्या बाजूने जाताना फांद्या हलवतं आणि फळं खाली पट्ट्यावर पडतात, थेट क्रेटमध्ये. फळ घट्ट असल्यामुळे फुटत नाही. एक ड्रायव्हर, एक-दोन माणसं, दिवसात केवढंतरी शेत साफ. रास्पबेरी तोडायला जिथे मजुरांची फौज लागते तिथे हा फरक फार मोठा आहे, आणि पोलंडने हे पीक का उचललं त्याचं अर्धं उत्तर यातच आहे. उरलेलं अर्धं म्हणजे करंट आणि सफरचंदाचा रस काढणारे कारखाने, कोल्ड स्टोरेज, काँसन्ट्रेट करून जर्मनीला पाठवायची सवय, हे सगळं इथे आधीपासून होतं.

कारखान्यात फळ दळून, थोडं गरम करून, पेक्टिन तोडणारं एन्झाइम घालून दाबतात. रस निघतो, पण रंगाचा आणि टॅनिनचा केवढातरी भाग सालीत राहतो, म्हणून चोथाही फेकत नाहीत. तो वाळवून चहात जातो, पावडरीत जातो, त्यातून रंग काढतात, आणि बऱ्याच अरोनिया कॅप्सूल्समध्येही असा अर्कच असतो.

घरी काय करतात? पहिला नियम, तोडून आणलेली फळं आधी डीप फ्रीजरमध्ये टाकायची, निदान दोन-चार दिवस. बर्फाने पेशी फुटतात, तुरटपणा जरा मवाळ होतो, पूर्ण जात नाही. मग सफरचंदाबरोबर जॅम, कारण एकट्या अरोनियाचा जॅम खाणं म्हणजे शिक्षा आहे. आणि एक प्रकार पोलंड, युक्रेन, रशिया सगळीकडे चालतो तो मला फार भारी वाटतो: फळांबरोबर चेरीच्या झाडाची मूठभर पानं पाण्यात उकळायची, गाळायचं, साखर आणि लिंबू किंवा सायट्रिक अ‍ॅसिड घालायचं, आणि त्या सिरपला चक्क चेरीचा वास येतो, डोळे मिटून प्यायलात तर चेरीचंच सरबत म्हणाल. त्याच सिरपमध्ये स्पिरिट घालून महिना-दोन महिने मुरवलं की पोलिश घरांतली अरोनियाची नालेवका तयार, ती हिवाळ्यात छोट्या ग्लासातून पितात आणि औषध म्हणून पितोय असं सांगतात. भारतीय जिभेला दह्यात घातलेलं अरोनिया झेपतं, कारण दुधातली प्रोटीन्स टॅनिनला पकडून ठेवतात आणि मग ते आपल्या लाळेच्या मागे लागत नाही. गोड लस्सीत दोन चमचे घट्ट रस, वर वेलची, रंग असा येतो की पाहुणे आधी फोटो काढतात.

आता कॅप्सूलवाला प्रश्न. जाहिरातीत एक आकडा हमखास असतो, ओआरएसी, म्हणजे परीक्षानळीत एखादा पदार्थ किती अँटिऑक्सिडंट आहे त्याचं माप. अरोनियाचा हा आकडा १६००० च्या आसपास, ब्लूबेरीच्या कितीतरी वर, त्यामुळे सुपरफ्रूट वगैरे सुरू झालं. ज्या अमेरिकन कृषी खात्याने हे आकडे वेबसाइटवर ठेवले होते त्यांनीच २०१२ मध्ये ते सगळं टेबल काढून टाकलं, कारण कंपन्या त्याचा गैरवापर करत होत्या आणि नळीतला आकडा शरीरात काय होतं ते सांगत नाही. अँथोसायनिन्स खाल्ल्यावर जशीच्या तशी रक्तात फारच थोडी पोचतात, आणि त्या लांब टॅनिन साखळ्या तर आतड्यातून शोषल्याच जात नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या तोडतात आणि मग जे छोटे तुकडे होतात त्यांचा काही परिणाम असेल तर असेल.

माणसांवर प्रयोग झालेत, नाही असं नाही. ब्लडप्रेशर थोडं उतरलं, कोलेस्ट्रॉल थोडं उतरलं, असे रिझल्ट आहेत, पण बहुतेक प्रयोग थोड्याच लोकांवर, दोन-तीन महिन्यांचे, आणि काहींत काहीच फरक दिसला नाही. माझं म्हणणं एवढंच की रस आवडत असेल तर प्या, औषध बंद करून त्याच्या जागी पिऊ नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या, बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या, कॅन्सरची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणाबरोबर घेऊ नका, टॅनिन्स लोह शोषू देत नाहीत, जेवताना चहा नको म्हणतात त्याचंही हेच कारण. आणि भारतात जी कॅप्सूल्स महिन्याला हजार-दोन हजाराला विकतात, त्या पैशात सीझनमध्ये जांभळं, आवळे आणि काळी द्राक्षं पोटभर येतील, रंग आणि तुरटपणा दोन्ही घरचंच मिळेल.

दुसरा प्रश्न, आपल्याकडे लावायचं का. महाराष्ट्रात नाही. महाबळेश्वरलाही नाही, तिथे एखाद्या पहाटे दंव पडतं त्याच्या बातम्या होतात, या झाडाला कित्येक आठवड्यांची कडाक्याची थंडी लागते, ती नाही मिळाली तर कळ्या नीट फुटतच नाहीत. हिमाचल-काश्मीरचं हवामान जुळण्यासारखं आहे, पण उगवता येतं म्हणून लावावं असं मी तिथल्या कोणालाही सांगणार नाही, आणि त्याचं कारण हवामान नाही, बाजार आहे.

कारण हे पीक लावायला फार सोपं आहे ना, तोच घोटाळा. अमेरिकेत आयोवा राज्यात १९९७ मध्ये पहिली व्यावसायिक लागवड झाली, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सुपरफ्रूटची हवा आली आणि मक्याच्या पट्ट्यात लोकांनी एकरच्या एकर लावलं. झाडांनी आपलं काम चोख केलं, पाचव्या वर्षी सगळ्यांची फळं एकदमच आली, आणि घेणारं कोणी नाही. लोकांचे फ्रीजर भरून राहिले. दक्षिण कोरियात त्याहून वाईट झालं, टीव्हीवर आरोग्याचे कार्यक्रम, सगळीकडे अरोनिया, शेतकऱ्यांनी धडाधड लागवड केली आणि तेवढ्यात पोलंडहून स्वस्त पावडर यायला लागली, भाव इतका पडला की झाडं उपटून टाकायला सरकारी मदत द्यावी लागली. आणि पोलंडमध्ये सगळं सुखात आहे असं नाही, इथेही काही वर्षी किलोला एक झ्लॉटीच्याही (इथलं चलन) खाली भाव गेलाय, काढणीचा खर्च निघत नाही म्हणून फळं झाडावरच सोडलेली आहेत, काहींनी बागा मोडल्यात. ताजं फळ कोणी बाजारातून किलोभर घरी नेत नाही, त्यामुळे शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईकच नाही, कारखाना म्हणेल तो भाव. आपल्याकडे इमू पाळायची लाट आली होती, सफेद मुसळीची आली होती, त्यात ज्यांचे पैसे अडकले त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. रोपं विकणारा सगळ्यात आधी कमावतो, हे मात्र तिन्ही देशांत सारखं.

जे मराठी लोक टोरांटो, शिकागो, न्यू जर्सी, जर्मनी, इकडे कुठे राहतात आणि घरामागे थोडी जागा आहे त्यांनी मात्र खुशाल लावावं. दोन झुडपं पुरतात, चार लावलीत तर पाचव्या वर्षी वीस-पंचवीस किलो फळ घरात येईल आणि शेजारी तुम्हाला टाळायला लागतील. मार्च-एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये लावा, उन्हात, जिथे पावसाचं पाणी जरा साचतं तिथेही चालेल. वाणाच्या नावावर जास्त पैसे घालवू नका, वायकिंग किंवा नीरो जे मिळेल ते. बुंध्याभोवतीचे फुटवे दरवर्षी काढत चला नाहीतर लॉनमध्ये घुसतात, आणि हेच फुटवे मुळासकट खणून काढले की दुसऱ्याला द्यायला रोप तयार. ऑगस्टमध्ये जाळी टाका, सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एक फळ चावून बघा, तोंड आखडेलच, पण त्याच्याआधी गोडी कळली तर तोडायला घ्या, जुने कपडे घालून.